प्रवेश विनामूल्य

वैशाखांतील संध्याकाळ असते. दिवसभर तापलेले गोदाघाटाचे दगड अजून पुरते निवालेले नसतात, आणि देव मामलेदार यशवंतराव महाराजांच्या पटांगणांत खुर्च्यांच्या रांगा मांडल्या जात असतात. नाशकाच्या वसंत व्याख्यानमालेचें हें दृश्य ज्यानें कधींच पाहिलें नाहीं असा जुना नाशिककर विरळा. कोणी देवदर्शन आटोपून येतो, कोणी भाजीची पिशवी पायाशीं ठेवून बसतो, कोणी वाटेंत उभ्या उभ्या पांच मिनिटें ऐकून आपल्या कामास निघून जातो. तिकीट नाहीं, ओळखपाळख नाहीं; हाजीर तो वजीर. तेथून उठून शहरांतील सार्वजनिक वाचनालयाकडे वळावें, तर तेथेंही वर्षभर कांहीं ना कांहीं चाललेलें असतें. ही संस्था १८४० सालची, म्हणजे मुंबईचें विश्वविद्यालय निघण्यापूर्वीं सतरा वर्षें जन्मलेली. ग्रंथालय-सप्ताह, व्याख्यानें, जिल्ह्यांतील साहित्यिकांचा मेळावा, असे तिचे उद्योग नाशिककरांच्या अंगवळणीं पडले आहेत. अशा कार्यक्रमांच्या जाहिरातींच्या तळाशीं बहुधा दोन शब्द असतात: प्रवेश विनामूल्य.

हे दोन शब्द आपण इतक्या वेळां वाचलेले असतात कीं, त्यांचा अर्थ काय हा प्रश्नच मनांत येत नाहीं. अर्थ उघड आहे असें वाटतें. पैसे पडत नाहींत, एवढाच. माझीही कित्येक वर्षें अशीच समजूत होती. ती अपुरी होती असें आतां वाटतें, आणि तसें वाटण्यास माझ्याच हातून घडलेली एक गोष्ट कारण आहे. ती सांगितल्यावांचून पुढच्या विवेचनास अर्थ येणार नाहीं, म्हणून संकोच सोडून ती आधीं सांगतों.

एका उपनगरांतील लहानशा वाचनालयाच्या कार्यकारी मंडळावर मी कांहीं वर्षें होतों. वाचनालय म्हणजे दोन खोल्या, सभागृह म्हणून मिरविणारें एक दालन, साठ-सत्तर खुर्च्या आणि एक सेवक. वर्षांतून एकदां तीन दिवसांची व्याख्यानमाला आम्ही करीत असूं. वक्ते बाहेरगांवाहून येत. श्रोते मात्र, आम्हां चौघां-पांचांच्या मतें, यावे तसे येत नसत. कोणी व्याख्यान निम्में झाल्यावर येई, कोणी निम्म्यावरून उठे. एक गृहस्थ पंख्याखालची खुर्ची धरून पहिल्या दहा मिनिटांतच डुलक्या घेऊं लागत. मुलें शेंगदाण्यांच्या पुड्या उलगडीत. एका वर्षीं एक मान्यवर वक्ते मध्येंच थांबले आणि, “हें सारें आटोपलें कीं मी पुढें बोलतों,” असें म्हणून पाण्याचा पेला हातांत घेऊन स्वस्थ उभे राहिले. मला मेल्याहून मेल्यासारखें झालें. पुढच्या वर्षींच्या बैठकींत मीं सूचना मांडली कीं, दररोज दहा रुपये प्रवेशमूल्य ठेवावें. पैशाच्या लोभानें मी हें म्हणत नाहीं असें मीं आवर्जून सांगितलें, आणि तें खरेंही होतें. माझें म्हणणें नीतीचें होतें. ज्यासाठीं माणूस कांहींच झीज सोसत नाहीं त्याचा तो मान राखीत नाहीं. दहा रुपये म्हणजे चहाचा एक पेला, आणि तेवढेही ज्याला जड वाटतात त्याची ज्ञानाची तहान ती कसली? सूचना एकमतानें संमत झाली.

त्या वर्षींची व्याख्यानमाला दृष्ट लागण्यासारखी झाली. माणसें वेळेवर आलीं, मधून कोणी उठलें नाहीं, शेंगदाण्याचें एक टरफल जमिनीवर दिसलें नाहीं. वक्त्यांनीं जातांना श्रोतृवर्गाची प्रशंसा केली. मी तिन्ही दिवस पहिल्या रांगेंत होतों. नियम सर्वांना सारखा, म्हणून माझें तिकीटही मीं रोज काढलें होतें. शेवटच्या रात्रीं खुर्च्या आवरतां आवरतां आमचा सेवक सहज म्हणाला, “साहेब, त्या पोळ्यावाल्या मावशी यंदा आल्या नाहींत.”

कोण मावशी हें मला प्रथम उमजेना. त्यानें खूण सांगितली तेव्हां चेहरा डोळ्यांपुढें आला. शेवटच्या रांगेंत, दाराशेजारच्या खुर्चीवर, मांडीवर पिशवी घेऊन बसणाऱ्या एक बाई. चार घरीं पोळ्या करीत. संध्याकाळचें एक घर संपून दुसरें सुरू होईपर्यंत त्यांना तास-सवातास मिळे, तो त्या आमच्या दालनांत काढीत. आमच्या हिशेबीं त्या निम्म्यावरून उठणाऱ्यांपैकीं एक. सेवक पुढें म्हणाला, “पहिल्या दिवशीं आल्या होत्या. फलक वाचला. मला विचारलं, दहा रुपये रोजचे, कीं तिन्ही दिवसांचे मिळून? मी म्हटलं, रोजचे. बरं म्हणाल्या आणि गेल्या.”

आतां ह्या प्रसंगाचें सोपें स्पष्टीकरण असें कीं, बाई गरीब होत्या. मंडळांत ही गोष्ट मीं काढली तेव्हां सर्वांना तेंच सुचलें, व एका सभासदांनीं ताबडतोब उपायही सांगितला: गरजूंना सवलतीचा पास द्यावा. पण मला हें स्पष्टीकरण पटेना. तीस रुपये त्यांच्यापाशीं नव्हते असें मुळींच नाहीं. देवाच्या जत्रेला, नातवाच्या खेळण्याला त्या ह्याहून पुष्कळ अधिक खर्च करीत असतील. आणि सवलतीचा पास घ्यायचा तर दारांतल्या टेबलाशीं उभें राहून, मागें रांग खोळंबली असतांना, “मी गरजू आहें” हें त्यांना आपल्या तोंडानें म्हणावें लागलें असतें. ज्या बाईंनीं जन्मभर कोणापुढें हात पसरला नाहीं त्यांना पंचेचाळीस मिनिटांच्या व्याख्यानासाठीं तो पसरावयास लावणें, हा उपाय रोगाहून भयंकर.

मग दहा रुपयांनीं केलें तरी काय? पुष्कळ विचारान्तीं मला असें वाटूं लागलें आहे कीं, त्यांनीं बाईंना एक प्रश्न विचारला. ‘हें तुमच्यासाठीं आहे काय?’ आजवर तो त्यांना कोणीं विचारला नव्हता आणि त्यांनींही स्वतःला विचारला नव्हता. दार उघडें होतें, त्या आंत येऊन बसत. विकत घेणाऱ्याला मात्र वस्तु हातीं येण्यापूर्वींच ठरवावें लागतें कीं, ती त्या मोलाची आहे. मला तें ठरवितां येतें, कारण व्याख्यान म्हणजे काय चीज असते हें मला शाळेपासून ठाऊक आहे. शंभर ऐकलीं, त्यांतलीं दहा चांगलीं निघालीं, म्हणून एकशें-एकाव्यावर मी दहा रुपये लावूं शकतों. ज्याच्या घरांत पुस्तक नाहीं, ज्याला वक्त्याचें नांव माहीत नाहीं, विषयाच्या मथळ्यांतले निम्मे शब्द नवे आहेत, त्यानें कोणत्या आधारावर ठरवावें? चव घेतल्यावांचून मोल कळत नाहीं, आणि मोल दिल्यावांचून चव मिळत नाहीं. तेव्हां प्रवेशमूल्य, तें कितीही लहान असो, नेमक्या त्याच माणसाला बाहेर ठेवतें ज्याच्यासाठीं आपण व्याख्यान करतों असें अहवालांत छापीत असतों.

‘फुकट तें पौष्टिक’ असें आपण हंसत हंसत म्हणतों, आणि लगेच गंभीर होऊन म्हणतों, ‘फुकट मिळालेल्याची किंमत नसते.’ बैठकींतलें माझें सारें भाषण ह्या दुसऱ्या वाक्यावर उभें होतें. मराठींत किंमत हा शब्द आपण दाम आणि कदर अशा दोन्ही अर्थीं वापरतों, आणि माझी चूक ह्या द्व्यर्थांत लपलेली होती. ज्याला दाम नाहीं त्याची कदर नाहीं, असें मीं शब्दाच्या आडून सिद्ध केलें होतें. जर्मन तत्त्ववेत्ता कांट ह्यानें १७८५ सालीं प्रसिद्ध झालेल्या आपल्या नीतिविषयक ग्रंथांत एक भेद केला आहे तो येथें उपयोगी पडतो. कांहीं वस्तूंना किंमत असते, म्हणजे त्यांच्या जागीं तितक्याच मोलाची दुसरी वस्तु ठेवली तरी चालतें. आणि ज्याच्या जागीं दुसरें कांहींच ठेवतां येत नाहीं त्याला किंमत नसून प्रतिष्ठा असते. मनुष्याला कांट दुसऱ्या वर्गांत घालतो. व्याख्यान कोणत्या वर्गांत पडतें ह्याचा निर्णय मी करीत नाहीं. पुष्कळ व्याख्यानें पाहतां त्यांच्या जागीं दुसरें कांहींही ठेवलें तरी चालण्यासारखें असतें! परंतु ऐकावयास येणारें माणूस दुसऱ्या वर्गांतलें आहे, आणि दारांतला व्यवहार त्याच्याशीं होत असतो.

विनामूल्य प्रवेशाला आपण पुष्कळदां दान समजतों. ‘ज्ञानदानाचें पवित्र कार्य’ हे शब्द अध्यक्षीय भाषणांत न ऐकलेला नाशिककर वसंत व्याख्यानमाला न पाहिलेल्या नाशिककराइतकाच दुर्मिळ असेल. पण दानाची आपल्याकडील कल्पना बारकाईनें पाहिली तर ती येथें बसत नाहीं. गीतेच्या सतराव्या अध्यायांत सात्त्विक दानाचें लक्षण दिलें आहे: परतफेडीची अपेक्षा न ठेवतां, योग्य स्थळीं, योग्य काळीं, योग्य पात्रीं दिलेलें तें सात्त्विक. पात्र ह्या शब्दापाशीं मी अडतों. पात्र पाहावयाचें म्हटलें कीं कोणीतरी तें तपासणार. देणारा वर बसणार आणि घेणारा खालीं उभा राहणार. सिंहस्थांत नाशकास अन्नछत्रें चालतात. तेथें पंगतीला बसलेला मनुष्य भुकेलेला आहे हें सर्वांना दिसतें, आणि त्यांत लाजण्यासारखें कांहीं नाहीं. तरी पानावर बसलेला व पान वाढणारा ह्यांतील अंतर अन्नछत्रांत पुसलें जात नाहीं. वाचनालयाच्या दालनांत तें पुसलें जाऊं शकतें. शेजारच्या खुर्चीवरील मनुष्य ज्ञानाचा भुकेला आहे, वेळ घालवावयास आला आहे, कीं आपल्याला जें ठाऊक आहे तेंच पुन्हा ऐकून सुखावत आहे, हें कोणाला कळण्याचा मार्ग नाहीं. निवृत्त न्यायाधीश आणि पोळ्या करणाऱ्या मावशी तेथें एकाच नात्यानें बसतात. कोणी कोणाचें पात्र पाहिलेलें नसतें.

ह्या बाबतींत आपलें खरें पूर्वज अन्नछत्र नव्हे, कीर्तन होय. कीर्तनाला तिकीट नसतें. शेवटीं आरतीचें तबक फिरतें, त्यांत ज्याला टाकावेंसें वाटेल तो टाकतो, आणि ज्याला नसेल वाटत तो ज्योतीवर हात फिरवून तो डोळ्यांना लावतो व तबक पुढें सारतो. दोघांचा हात तबकावरून सारखाच फिरतो. मोल आधीं न मागतां मागाहून, तेंही न मोजतां घेण्याची ही रीति ज्या कोणीं घातली त्याला मनुष्यस्वभाव चांगलाच कळत होता. नारदाच्या गादीवर उभा राहिलेला बुवा समोरच्या डुलक्यांनीं अपमान मानीत नाहीं; गजर करून त्यांना जागें करतो.

डुलक्या घेणाऱ्या त्या गृहस्थांचा प्रश्न मला अजून नीट सुटलेला नाहीं हें येथेंच कबूल करतों. ते व्याख्यानासाठीं येत कीं पंख्यासाठीं? पंख्यासाठीं येत असले तर ती लबाडी म्हणावी काय? कधीं वाटतें, जागा अडवून बसण्याचा त्यांना अधिकार नव्हता. कधीं वाटतें, वैशाखांत पत्र्याच्या खोलींत दिवस काढणाऱ्याला गारवा मिळण्याची जागा शहरांत दुसरी कोठें आहे? पैसे न देतां, कांहीं विकत न घेतां, ‘काय हवें आहे?’ असें कोणी न विचारतां घटकाभर बसतां येईल अशा जागा मोजावयाच्या तर देऊळ, घाट आणि वाचनालयाचा मुक्तद्वार वृत्तपत्र-विभाग ह्यांपलीकडे बोटें फारशीं पुढें जात नाहींत.

देवळाचें नांव निघालें म्हणून थोडें थांबलें पाहिजे. कारण नाशकांत तरी हा विषय देवळापाशीं थांबल्यावांचून पुढें जाऊं नये. पंचवटींतील काळाराम मंदिराला तिकीट कधींच नव्हतें. दर्शन विनामूल्य होतें. तरी २ मार्च १९३० रोजीं डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखालीं हजारों अस्पृश्य स्त्री-पुरुष त्या दारांशीं आले तेव्हां दारें लावून घेण्यांत आलीं. एक दमडी न मागणारें दार पुढेंही त्यांना उघडलें नाहीं. सत्याग्रह वर्षानुवर्षें रेंगाळला आणि १३ ऑक्टोबर १९३५ रोजीं ह्याच जिल्ह्यांतील येवल्यास डॉ. आंबेडकरांनीं धर्मांतराची घोषणा केली. त्याच्या आधीं, १९२३ सालीं, मुंबईच्या कायदे-कौन्सिलांत सी. के. बोले ह्यांचा ठराव संमत झाला होता कीं, सार्वजनिक पैशानें बांधलेले वा चालविलेले पाणवठे, धर्मशाळा, शाळा, दवाखाने अस्पृश्यांना खुले असावे. विचार केला म्हणजे ह्या ठरावाचें नवल वाटतें. जें सार्वजनिक आहे तें सर्व जनांना खुलें आहे, एवढें सांगण्यासाठीं ठराव करावा लागला! शब्दाचा अर्थ शब्दांत असून चालत नाहीं, तो दारांत असावा लागतो.

काळारामाच्या दारांत पैसे कोणीं विचारले नाहींत, ‘तूं कोण?’ हें विचारलें. आमच्या दालनाच्या दारांत आम्हीं जात विचारली नाहीं. फक्त दहा रुपये विचारले. दोन्ही गोष्टी एका तराजूंत घालण्याचा वेडेपणा मी करणार नाहीं; एकीमागें शतकांचा अन्याय आहे, दुसरीमागें एका मंडळाचा अविचार. पण प्रश्नाची जात एकच आहे. आंत येणाऱ्यानें आपण आंत येण्यास योग्य आहों हें दारांत सिद्ध करावें, ही अपेक्षा दोहोंत आहे. आणि पैसे न घेणाऱ्या वाचनालयांतही ती अनेक वेषांनीं वावरत असते. पहिल्या दोन रांगांवर ‘निमंत्रितांसाठीं राखीव’ अशी चिठ्ठी, वक्त्याच्या परिचयांत पंधरा मिनिटें पदव्यांची यादी, प्रश्न विचारणाऱ्याचें मराठी ऐकून पुढच्या रांगांतून उमटणारें बारीक हंसूं, हीं सर्व तिकिटेंच आहेत. त्यांचे पैसे पडत नाहींत एवढेंच.

येथवर वाचणारा व्यवहारी गृहस्थ म्हणेल कीं, हें सारें ठीक; पण खुर्च्यांचें भाडें कोण देणार? हा प्रश्न हलका नाहीं. विद्या हें धन खर्चिल्यानें वाढतें असें सुभाषितकार सांगतात, परंतु वीज, खुर्च्या आणि झाडणाऱ्याचा दिवस हीं खर्चिल्यानें वाढत नाहींत. व्याख्यानमाला ज्यांच्या नांवाच्या पटांगणांत भरते त्या यशवंतराव महाराजांची कथा प्रसिद्ध आहे. सटाण्याचे मामलेदार असतांना १८७०-७१ च्या दुष्काळांत त्यांनीं सरकारी खजिना भुकेलेल्या रयतेस वांटून टाकला. आणि वरिष्ठांनीं येऊन तपासणी केली तेव्हां खजिना पैन् पै भरलेला निघाला, अशी श्रद्धा आहे. लोकांनीं त्यांना देव मामलेदार म्हटलें. मला ह्या कथेंतील चमत्काराइतकीच त्याची गरज विचारणीय वाटते. लोकांना दिलेलें द्रव्य पुन्हा पेटींत यावें, जमाखर्च जुळावा, ही काळजी देवत्व देणाऱ्या लोकांनाही होती. वाचनालयाच्या चिटणिसाला तो चमत्कार उपलब्ध नाहीं. त्याला लेखापरीक्षकापुढें रोजकीर्दच ठेवावी लागते.

मग कोणीतरी देतो. कोण देतो हें पाहिलें पाहिजे. अँड्र्यू कार्नेगी ह्या पोलादाच्या व्यापाऱ्यानें जगभर अडीच हजारांहून अधिक ग्रंथालयांच्या इमारती बांधून दिल्या, आणि गांवानें दरवर्षीं देणगीच्या दशांशाइतका खर्च करांतून करावा अशी अट घातली. अट शहाणपणाची होती. परंतु त्याच्याच होमस्टेड येथील कारखान्यांत १८९२ सालीं संपकरी कामगारांवर बंदुका चालल्या. सहा वर्षांनीं तेथें त्याचें ग्रंथालय उभें राहिलें. दिवसाचे बारा तास भट्टीपुढें उभ्या राहणाऱ्यानें तेथील पुस्तकें केव्हां वाचावीं, हें मात्र देणगीपत्रांत नव्हतें.

ह्या मानानें आपल्याच जिल्ह्यांतील एका मुलानें बडोद्यास केलेला प्रयोग मला अधिक सरळ वाटतो. मालेगांवजवळच्या कवळाण्यास १८६३ सालीं जन्मलेले आणि पुढें दत्तक जाऊन बडोद्याचे महाराज झालेले सयाजीराव १९०६ सालीं अमेरिकेस गेले. तेथील मोफत ग्रंथालयें पाहून त्यांनीं १९१० सालीं बॉर्डन नांवाच्या तज्ज्ञास बोलावून आणलें आणि राज्यभर ग्रंथालयांचें जाळें विणलें. गांवकऱ्यांनीं आपला वाटा उभा केला कीं पंचायत आणि सरकार आपापला वाटा घालीत. पुस्तकांच्या पेट्या गांवोगांव फिरत. सर्वांत विशेष म्हणजे ज्यांना वाचतां येत नव्हतें त्यांच्यासाठीं त्या खात्याची एक निराळी शाखा होती. ती जादूचे कंदील, चित्रपटाचें यंत्र घेऊन खेडोपाडीं जाई आणि फुकट खेळ दाखवी. निरक्षराला ग्रंथालयाचा लाभार्थी समजण्याची कल्पना शंभर वर्षांपूर्वींच्या एका संस्थानांत सुचली, ही गोष्ट आम्ही साक्षरांनीं ध्यानांत ठेवण्यासारखी आहे.

मद्रास प्रांतानें १९४८ च्या कायद्यानें मालमत्ता-करावर ग्रंथालयाचा उपकर बसविला. महाराष्ट्राच्या १९६७ च्या सार्वजनिक ग्रंथालय अधिनियमानें तसें केलें नाहीं; अ, ब, क, ड असे वर्ग पाडून अनुदान देण्याचा मार्ग धरला. त्यामुळें आमचीं ग्रंथालयें अनुदान, वर्गणी आणि देणगी ह्या तिवईवर उभीं आहेत, आणि तिवईचा एक पाय आंखूड पडला कीं त्याखालीं जी चिपटी सारली जाते ती म्हणजे सेवकाचें वेतन. व्याख्यान विनामूल्य असतें तेव्हां रात्रीं दहापर्यंत थांबून खुर्च्या रचणारा मनुष्य घरीं उशिरां पोंचतो, आणि त्याबद्दल त्याला बहुधा आभारप्रदर्शनांतील अर्धें वाक्य मिळतें. आमच्या वाचनालयांत तरी असेंच होतें. श्रोत्याला फुकट देण्याचा खर्च सर्वांत कमी मिळविणाऱ्याकडून वसूल करावयाचा, ही तर दहा रुपयांहून वाईट तऱ्हा झाली. माझ्या मतें ह्याला मार्ग एकच: जें सर्वांचें आहे त्याचा भार सर्वांवर, म्हणजे करावर, असावा. पण तें माझ्या हातीं नाहीं, आणि कर म्हटला कीं मुक्तद्वाराचे पुरस्कर्तेही दार लावून घेतात.

आणखी एक विसंगति सांगितलीच पाहिजे. आमच्याकडे व्याख्यान फुकट आणि पुस्तक वर्गणीनें, अशी सामान्य रीति आहे. कानाला मोकळीक, डोळ्याला अनामत. वक्त्यानें एखाद्या ग्रंथाविषयीं उत्सुकता लावली आणि श्रोता उठून देवघेवीच्या खिडकीशीं गेला कीं त्याला नांव, पत्ता, अनामत रक्कम, ओळख देणारा सभासद हें सारें लागतें. आतां ह्यांत पुस्तकें परत न येण्याचें भय आहे, आणि तें खोटें नाहीं. परंतु ह्याच नाशकांत कुसुमाग्रज प्रतिष्ठाननें २००९ पासून ‘ग्रंथ तुमच्या दारी’ ह्या नांवानें पुस्तकांच्या पेट्या वाचकांच्या गटांना विनामूल्य पोंचविण्याचा उपक्रम चालविला. पेटीचा खर्च कोणी वाढदिवसाच्या निमित्तानें दिला, कोणी आईबापांच्या स्मरणार्थ. त्या पेट्या परदेशस्थ मराठी घरांत गेल्या आणि नाशिकरोडच्या कारागृहांतही. बडोद्याच्या पेट्यांनंतर शतकानें त्याच जिल्ह्यांतून पुन्हा पेट्या निघाव्या हा योगायोग मोठा गोड आहे. घरबसल्या दूरध्वनीच्या पडद्यावर व्याख्यानें फुकट मिळत असतां वाचनालयांत जावें कशाला, असें विचारणारे आहेत; त्यांनीं कारागृहांत पोंचलेल्या पेटीचा विचार करावा. पडद्यावर आपल्याशेजारीं कोणी बसत नाहीं, एवढें म्हणून मी तो वाद सोडतों.

आमच्या वाचनालयाची गोष्ट पुरी करावयाची राहिली. पुढच्या वर्षीं प्रवेशमूल्य काढून टाकावें अशी सूचना मींच मांडली. माझ्या पूर्वींच्या भाषणांतील वाक्यें मला ऐकवण्यांत आलीं, तीं मीं ऐकून घेतलीं. सूचना दोन मतांनीं संमत झाली. शेंगदाण्यांच्या पुड्या परत आल्या. पंख्याखालचे गृहस्थही परत आले. दाराशेजारची खुर्ची पहिल्या दिवशीं रिकामी राहिली, दुसऱ्या दिवशीं तीवर कोणी अनोळखी तरुण बसला.

तिसऱ्या दिवशीं सकाळीं मावशी आमच्याच गल्लींतल्या एका घरांतून बाहेर पडतांना भेटल्या. मीं सांगितलें, “मावशी, यंदा तिकीट नाहीं. काढून टाकलं आम्ही. आज शेवटचा दिवस आहे, या.”

“हो का? बरं केलंत,” त्या म्हणाल्या. “पण आतां नाहीं जमायचं, काका. त्या वेळचं एक घर धरलंय मी. मागच्या वर्षींच धरलं. वेळ रिकामाच होता ना.”

मीं कांहीं बोललों नाहीं. त्या पिशवी सावरून निघाल्या, आणि चार पावलांवर पुन्हा थांबल्या. “गेल्या वर्षीं शेवटच्या दिवशीं नदीवर बोलणार होते ना कोणी? फलकावर वाचलं होतं मी. आपली गोदावरी पूर्वीं कशी वाहायची, असं कांहीतरी. काय सांगितलं त्यांनीं?”

पहिल्या रांगेंत, दहा रुपये देऊन, मी तें व्याख्यान अथपासून इतिपर्यंत ऐकलें होतें. मीं आठवूं लागलों. वक्त्यांचा उपरण्याचा कांठ आठवला, श्रोतृवर्गाची त्यांनीं केलेली प्रशंसा आठवली. मावशी थांबल्या होत्या. घाटाखालचीं जुनीं कुंडें सिमेंटानें बुजलीं असें कांहीं ते म्हणाले होते, एवढें मीं सांगितलें. कोणतीं कुंडें, असें त्यांनीं विचारलें, आणि तें मला सांगतां आलें नाहीं.